गढूळ द्रवाचा इतिहास

पदार्थाच्या अवस्था तीन, घन, द्रव आणि वायु, हें शाळेंतील पहिल्याच धड्यांत सांगितलें जातें, आणि घरांतील नित्याचा अनुभवहि तेंच सांगतो. थंडींत थिजलेलें तूप चुलीजवळ ठेवलें म्हणजे वितळतें. बर्फाचें पाणी होतें व पाण्याची वाफ होते. वितळणें ही क्रिया एकदांच घडावयाची, आणि ती घडली म्हणजे पदार्थानें घनाचे सारे गुण टाकून द्रवाचे गुण अंगीकारावयाचे, अशी सर्वांची समजूत असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शास्त्रज्ञांची समजूतहि याहून फारशी निराळी नव्हती. या समजुतीला धक्का बसला तो एका गढूळ द्रवामुळें. तो द्रव गढूळ कां, या साध्या प्रश्नावरून युरोपांतील विद्वानांमध्यें मोठा वाद माजला, आणि त्या वादांतील एक आक्षेप शंभर वर्षांनीं अगदीं अनपेक्षित रूपानें शास्त्राच्या उपयोगी पडला. ती हकीकत मनोरंजक तर आहेच, पण शास्त्रांत ‘शुद्ध’ व ‘अशुद्ध’ या शब्दांचा अर्थ किती जपून करावा लागतो हेंहि तीवरून दिसून येतें.

प्राग येथील जर्मन विद्यापीठांत फ्रीड्रिख रायनिट्झर या नांवाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरांतून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होते. १८८८ सालीं त्यांनीं कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ तापवून पाहिला. १४५.५ अंश सेंटिग्रेड उष्णतामानाला तो वितळला; परंतु जो द्रव मिळाला तो स्वच्छ नव्हता, आभाळ भरून यावें तसा ढगाळ होता. तोच द्रव आणखी तापवीत नेला असतां १७८.५ अंशांवर तो एकाएकीं निवळला आणि पाण्यासारखा पारदर्शक झाला. थंड करतांना हाच क्रम उलट दिसला. एका पदार्थाला जणूं दोन वितळणबिंदु होते. रायनिट्झर यांना या चमत्काराचा उलगडा होईना, तेव्हां १४ मार्च १८८८ रोजीं त्यांनीं आखेन येथील पदार्थवैज्ञानिक ओटो लेमान यांस पत्र लिहून हा पदार्थ तपासण्याची विनंति केली.

लेमान यांजपाशीं एक विशेष प्रकारचें सूक्ष्मदर्शक यंत्र होतें. त्यांत पदार्थ तापवीत असतांनाच ध्रुवित प्रकाशांत त्याचें निरीक्षण करतां येत असे. अशा यंत्रांत साधा द्रव ठेवला तर दृष्टिक्षेत्र काळेंच राहतें. स्फटिक ठेवला तर तें बहुधा उजळतें, कारण स्फटिकांतील कणांची मांडणी सर्व दिशांना सारखी नसते. रायनिट्झर यांचा ढगाळ द्रव या यंत्राखालीं स्फटिकासारखा उजळला. तो वाहत होता, थेंबाचा आकार धारण करीत होता, आणि तरीहि प्रकाशाशीं स्फटिकाप्रमाणें वागत होता. १८८९ सालीं लेमान यांनीं ‘वाहते स्फटिक’ या अर्थाचें शीर्षक देऊन आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढें ‘द्रवस्फटिक’ हें नांव रूढ झालें.

नांवच परस्परविरोधी होतें. जो स्फटिक तो घन, आणि जो द्रव त्याला रचना नाहीं, असें मानणाऱ्यांना ‘द्रवस्फटिक’ हा शब्द वंध्यापुत्रासारखा वाटला असल्यास नवल नाहीं. सर्वांत जोरदार विरोध केला तो गुस्ताव्ह टामान यांनीं. टामान हे कोणी सामान्य टीकाकार नव्हते. धातु व मिश्रधातु यांच्या अभ्यासांत त्यांचें नांव आजहि आदरानें घेतलें जातें. १९०१ पासून त्यांनीं ‘आनालेन देर फिजिक’ या प्रख्यात नियतकालिकांतून लेमान यांच्या म्हणण्यावर टीका केली. त्यांचा मुद्दा सोपा व पटण्यासारखा होता. दूध पांढरें दिसतें तें पाण्यांत स्निग्ध पदार्थाचे अत्यंत बारीक थेंब तरंगत असतात म्हणून. दोन्ही द्रव वेगवेगळे घेतले तर प्रत्येक पारदर्शक असूं शकतो. एक दुसऱ्यांत विखुरला म्हणजे मिश्रण दुधाळ होतें. लेमान यांचा ढगाळ द्रवहि असाच असला पाहिजे; पदार्थ पुरता शुद्ध केलेला नाहीं, त्यांत दुसऱ्या कशाचे तरी कण तरंगत आहेत, आणि ‘द्रवस्फटिक’ म्हणून मिरवतें आहे तें केवळ एक अशुद्ध मिश्रण आहे.

हा आक्षेप खरा ठरता तर लेमान यांचें बारा वर्षांचें काम पाण्यांत गेलें असतें, आणि पदार्थाची एक नवी अवस्था सांपडल्याचा दावा भ्रम ठरला असता. म्हणून त्याची परीक्षा कसोशीनें झाली. पदार्थ पुनःपुन्हां शुद्ध करून तापविले गेले. निवळण्याचें उष्णतामान दर वेळीं तेंच येई, आणि मुद्दाम भेसळ केली तर मात्र तें खालीं सरके. म्हणजे ढगाळपणा अशुद्धतेनें येत नव्हता. द्रव कितीहि वेळ स्थिर ठेवला तरी त्यांतून दुधावरच्या सायीसारखें कांहीं वेगळें होईना. रुडोल्फ शेंक व इतर संशोधक यांनीं अशा द्रवांची घनता व प्रवाहाचे गुण मोजले. निवळण्याच्या ठराविक उष्णतामानाला या सर्वांत एकाएकीं बदल होतो असें त्यांस आढळलें. शेंक यांचें या विषयावरील पुस्तक १९०५ सालीं प्रसिद्ध झालें. दुधाळ मिश्रणाला असा ठराविक क्षण नसतो.

प्रवाहाच्या गुणांविषयीं येथें थोडें अधिक सांगणें जरूर आहे, कारण पुढील सर्व कथा त्यांवरच उभी आहे. मध पाण्याइतका सहज वाहत नाहीं. वाहतांना त्याचे थर एकमेकांना अडवितात. या अंतर्गत अडवणुकीला श्यानता म्हणतात. मधाची श्यानता अधिक, पाण्याची कमी. बहुतेक सर्व द्रव तापविले म्हणजे अधिक पातळ होतात. परंतु पॅरा-अझॉक्सिॲनिसोल हा द्रवस्फटिक याला विलक्षण अपवाद आहे. सुमारें ११८ पासून १३५ अंशांपर्यंत तो ढगाळ असतो, आणि बारीक नळींतून सहज वाहतो. निवळल्यावर, अधिक तापलेला असूनहि, तो नळींतून अधिक कष्टानें वाहूं लागतो. ढगाळपणा जर तरंगत्या कणांचा असता तर ढगाळ द्रवच अधिक दाट असावयास हवा होता.

द्रवांत कण तरंगत असले म्हणजे तो किती दाट होतो, याचें नेमकें गणित त्याच सुमारास एका तरुण शास्त्रज्ञानें मांडलें. ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं झूरिक विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधांत हा प्रश्न घेतला होता, आणि तो प्रबंध १९०६ सालीं छापून प्रसिद्ध झाला. त्यांतील उत्तरांत एक गणिती चूक राहून गेली होती. पॅरिस येथें झां पेरँ यांच्या प्रयोगशाळेंत बान्स्लँ यांनीं केलेलीं मापनें सूत्राशीं जुळेनात, तेव्हां आइन्स्टाइन यांच्या सांगण्यावरून लुडविग होफ यांनीं गणित तपासून चूक शोधून काढली. १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, द्रवांत जितका शतांश भाग गोल कणांनीं व्यापला असेल, त्याच्या अडीचपट शतांशांनीं श्यानता वाढते. कणांनीं दोन टक्के जागा व्यापली तर श्यानता पांच टक्क्यांनीं वाढावयाची. कण लहान कीं मोठे याला महत्त्व नाहीं. हा नियम विरळ मिश्रणांना उत्तम लागू पडतो. मात्र त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही कीं ज्या द्रवांत कण तरंगतात त्याला स्वतःची अशी कोणतीहि दिशा नाहीं. त्या वेळीं या गृहीताकडे कोणाचें लक्ष जाण्याचें कारण नव्हतें.

द्रवस्फटिकाला मात्र दिशा असते. जर्मनींतील हाले येथें डानिएल फोरलेंडर यांनीं असे शेंकडों पदार्थ तयार करून दाखवून दिलें कीं, ज्यांचे रेणु लांबट, काडीसारखे असतात त्यांत ही अवस्था विशेषेंकरून आढळते. १९२२ सालीं, लेमान यांचा मृत्यु झाला त्याच वर्षीं, फ्रान्समध्यें जॉर्ज फ्रीडेल यांनीं एक विस्तृत निबंध लिहून या अवस्थांचें वर्गीकरण केलें. ज्यांत लांबट रेणु एकाच दिशेकडे तोंड करून असतात, परंतु त्यांच्या जागा ठरलेल्या नसतात, त्या प्रकाराला त्यांनीं ‘नेमॅटिक’ म्हणजे तंतुमय असें नांव दिलें. कारण सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांत बारीक धागे दिसतात. ज्यांत रेणु थरांनीं रचलेले असतात तो ‘स्मेक्टिक’, आणि ज्यांत रेणूंची दिशा गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें हळूहळू फिरत जाते तो ‘कोलेस्टेरिक’. संथ ओढ्यांत काड्या वाहत असाव्यात, प्रत्येक काडी आपल्या जागेवरून सरकत असावी, परंतु सर्वांचीं टोकें एकाच बाजूला असावींत, असें दृश्य डोळ्यांपुढें आणलें म्हणजे नेमॅटिक द्रवाची कल्पना येते.

अशा द्रवाला दोन असामान्य गुण प्राप्त होतात. पहिला स्थितिस्थापकतेचा. रबराचा तुकडा ताणला तर तो मूळ आकाराकडे परत येऊं पाहतो; पाणी तसें करीत नाहीं. नेमॅटिक द्रवाचा आकार कसाहि बदलला तरी त्याची तक्रार नसते, परंतु त्याच्या रेणूंची समान दिशा कोणीं बिघडविली तर ती पूर्ववत् करण्याकडे त्याचा ओढा असतो. स्वीडनमधील उप्साला येथील ओसीन यांनीं या गुणाचें गणित उभें केलें, आणि १९५८ सालीं इंग्लंडमधील चार्ल्स फ्रँक यांनीं त्याला सुटसुटीत रूप दिलें. दिशा तीन प्रकारांनीं बिघडूं शकते. ती पंख्यासारखी फांकते, दोरासारखी पिळली जाते, किंवा वेतासारखी वांकते. आणि प्रत्येक प्रकाराला द्रव वेगवेगळ्या जोरानें विरोध करतो. हा जोर पोलादाच्या मानानें अत्यंत क्षीण असला तरी तो असतो, आणि दूरवर पोहोंचतो.

दुसरा गुण प्रवाहाचा. पोलंडमधील क्राकोव्ह येथें मारियान मियेंसोविच यांनीं १९३५ च्या सुमारास चुंबकाच्या साहाय्यानें रेणूंची दिशा पक्की धरून ठेवून श्यानता मोजण्यास सुरुवात केली. पॅरा-अझॉक्सिॲनिसोलला एक श्यानता नसून तीन आहेत असें त्यांस आढळलें. रेणु प्रवाहाच्या दिशेनें लांबलेले असले म्हणजे श्यानता सर्वांत कमी. प्रवाहाच्या थरांना भेदून उभे असले म्हणजे जवळजवळ चौपट. आणि प्रवाहाला आडवे पण थरांतच पडलेले असले म्हणजे या दोहोंच्या मधली. निवळण्यापूर्वीं हा द्रव नळींतून सहज कां वाहतो, त्याचें कारण आतां उघड झालें. वाहतांना रेणु स्वतःला प्रवाहाच्या दिशेकडे वळवून घेतात आणि अडथळा कमी करतात. महायुद्धानंतर, १९४६ सालीं, या तीन श्यानतांचें संक्षिप्त टिपण ‘नेचर’ या साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें.

यानंतर प्रवाह आणि दिशा यांचा परस्परसंबंध सांगणारा संपूर्ण सिद्धांत १९६० नंतरच्या दशकांत एरिक्सेन व लेस्ली यांनीं पुरा केला. हें सर्व ज्ञान एकत्र आणणारे दोन ग्रंथ पुढें अभ्यासकांच्या नित्य उपयोगाचे झाले. पहिला १९७४ सालचा, पॅरिस येथील प्येर-जील द जेन यांचा. दुसरा १९७७ सालचा, बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेंतील शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचा. चंद्रशेखर यांचें पदव्युत्तर शिक्षण नागपूर विद्यापीठाचें; तेथून १९५१ सालीं एम्. एस्सी. होऊन ते आपले मामा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांजकडे बंगलोरला संशोधनासाठीं गेले. १९७७ सालींच त्यांनीं सदाशिव व सुरेश या सहकाऱ्यांसह दाखवून दिलें कीं रेणु काडीसारखा असलाच पाहिजे असें नाहीं. चकतीसारखे रेणुहि एकावर एक रचले जाऊन द्रवस्फटिक बनवूं शकतात. अशा रीतीनें या शास्त्रांतील आणखी एक पक्की समजूत ढळली.

इतका इतिहास होईपर्यंत तरंगत्या कणांचा विषय मागें पडला होता. द्रवस्फटिक शुद्ध असला पाहिजे, त्यांत धुळीचा कणहि नको, हाच प्रयोगशाळांचा शिरस्ता होता. १९७० सालीं मात्र द जेन आणि त्यांच्या विद्यार्थिनी फ्रांस्वाझ ब्रोशार यांनीं उलट सूचना केली: नेमॅटिक द्रवांत मुद्दाम कण टाकावे. शुद्ध नेमॅटिकचे रेणु चुंबकानें वळवावयाचे तर हजारों गॉस इतकें बलवान् चुंबकक्षेत्र लागतें. परंतु त्यांत लोहचुंबकाचे सुईसारखे अतिसूक्ष्म कण अत्यल्प प्रमाणांत मिसळले तर क्षीण चुंबकानेंहि ते कण वळतील, आणि स्थितिस्थापकतेमुळें भोंवतालच्या असंख्य रेणूंना आपल्याबरोबर वळवितील, असें त्यांचें गणित सांगत होतें. एका बैलानें सारें खळें फिरवावें तसा हा प्रकार. कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात ही प्रयोगांतील मोठी अडचण होती. तरी १९८३ सालीं अमेरिकेंत चेन व अमर यांनीं हा परिणाम खात्रीलायक रीतीनें दाखविला, आणि २०१३ सालीं स्लोव्हेनियांतील ल्युब्लियाना येथील संशोधकांनीं चुंबकीय चकत्या मिसळून, बाहेरील चुंबकाशिवायहि स्वतः चुंबक राहणारा द्रव तयार केला.

कण चुंबकीय नसला, नुसता कांचेचा, मेणाचा किंवा पाण्याचा थेंब असला, तर काय होईल? या प्रश्नाचें उत्तर याहूनहि आश्चर्यकारक निघालें. नेमॅटिक द्रवांत एक गोल कण ठेवला आहे अशी कल्पना करावी. पुष्कळशा कणांच्या पृष्ठभागावर रेणु काट्यांसारखे उभे राहूं पाहतात, जणूं साळिंदराचे काटे. दूरवर मात्र सर्व रेणु एकाच दिशेकडे तोंड करून आहेत. या दोन मागण्या एकाच वेळीं सर्वत्र पुऱ्या होणें शक्य नाहीं; कोठें तरी एक असा बिंदु किंवा अशी रेषा राहतेच कीं जेथें रेणूंना दिशाच ठरवितां येत नाहीं. डोक्यावरील केसांचा भोंवरा कितीहि विंचरला तरी जात नाहीं, फार तर थोडा सरकतो. तसाच हा प्रकार. शास्त्रज्ञ त्याला ‘दोष’ म्हणतात. हा भोंवरा कधीं कणाच्या एका बाजूला बिंदुरूपानें बसतो, तर कधीं शनीच्या कड्याप्रमाणें कणाला वेढून राहतो. कणाचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. रेणूची लांबी त्याच्या पांचशेव्या भागाएवढी. तरी कणाभोंवतीं पुष्कळ अंतरापर्यंत रेणूंची दिशा बिघडलेली राहते.

१९९७ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत पूलँ, श्टार्क, ल्युबेन्स्की आणि वाइट्झ यांनीं नेमॅटिक द्रवांत पाण्याचे सूक्ष्म थेंब विखुरले. साध्या तेलांत असे थेंब हळूहळू एकमेकांत मिसळून मोठे होतात. येथें तसें झालें नाहीं. थेंब दूर अंतरावरून एकमेकांकडे ओढले गेले, रांगेनें उभे राहिले, आणि ठराविक अंतरावर येऊन थांबले. दर दोन थेंबांमध्यें एक भोंवरा पहारेकऱ्यासारखा बसला होता. तोच त्यांना एकत्र धरीत होता आणि तोच मिसळूं देत नव्हता. द्रव तापवून निवळविला कीं दिशा नाहींशी होई, आणि त्याबरोबर सांखळीहि मोडे. कणांना जोडणारा धागा कणांचा नव्हता, तो द्रवाच्या स्थितिस्थापकतेचा होता, हें यावरून निःसंशय ठरलें.

प्रवाहाच्या बाबतींतहि असाच अनुभव आला. पाण्यांत तरंगणारा गोल कण रेणूंच्या धक्क्यांनीं इतस्ततः हिंडतो, आणि सर्व दिशांना सारखाच हिंडतो, कारण गोलाला उजवें-डावें नसतें. २००४ सालीं लूदे, आनूस व पूलँ यांनीं फ्रान्समध्यें नेमॅटिक द्रवांतील गोल कणांचा हा संचार मोजला. रेणूंच्या दिशेनें कण अधिक मोकळेपणानें सरकतो आणि आडवा जातांना त्याला अधिक अडथळा होतो असें दिसून आलें. कण गोलच होता. भेद होता तो द्रवांत. आइन्स्टाइन यांच्या नियमांतील मूक गृहीत येथें प्रत्यक्ष डोळ्यांपुढें मोडलें.

कणांना जोडणारीं हीं बंधनें किती बळकट असतात, हें २००६ सालीं ल्युब्लियाना येथें इगोर मुशेविच व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. लेसर किरणांच्या चिमट्यानें एकेक कण उचलून त्यांनीं नेमॅटिक द्रवांत कणांचे सपाट स्फटिक रचले. कणांना विखुरूं पाहणारी रेणूंच्या धक्क्यांची जी शक्ति, तिच्या हजारों पट ही बंधनशक्ति भरली. म्हणून एकदां रचलेली रांग आपोआप मोडत नाहीं.

आतां प्रश्न उरला तो हा कीं, कण थोडे न घालतां पुष्कळ घातले तर संपूर्ण द्रवाचें काय होईल. १९९९ सालीं पेनसिल्व्हेनियांतील मंडळींनीं कोलेस्टेरिक द्रवांत कण मिसळून पाहिले. अशा द्रवांत दोषरेषांचें जाळें निर्माण होतें, पण एरव्हीं तें हळूहळू विरून जातें. कणांनीं मात्र गांठीगांठींना धरून तें जाळें टिकविलें, आणि द्रवाला लुसलुशीत घनासारखी स्थितिस्थापकता आली. एडिंबरो येथें मीकर, पून, क्रेन व टेरेंटिएव्ह यांनीं २००० सालीं दुसरा मार्ग दाखविला. त्यांनीं तापवून निवळविलेल्या द्रवांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म गोळे मिसळले आणि तो थंड होऊं दिला. जेथें जेथें नेमॅटिक अवस्था उगवली तेथून तिनें गोळ्यांना बाहेर ढकललें. ते मधल्या भिंतींत दाटले, आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना तयार होऊन भांड्यांतील द्रव स्वतःच्या भारानें न ढळणारा मऊ घन झाला.

तथापि सर्वांत विलक्षण परिणाम २०११ सालीं एडिंबरो येथेंच वुड, लिंतुवुओरी, स्कोफील्ड, मारेंदुझ्झो व पून यांस आढळला. नेमॅटिक अवस्थेंतच कण मिसळून त्यांचें प्रमाण सुमारें वीस टक्क्यांच्या वर नेलें असतां सर्व मिश्रण घट्ट झालें. आकार बदलण्यास त्याचा विरोध दहा हजार पास्कलपर्यंत पोहोंचला. चमच्यानें उचलला तर आकार टिकवून धरील असा हा पदार्थ. पाण्यांत तितकेच कण मिसळले तर मिश्रण थोडेंसें दाट होतें, पण वाहतच राहतें. येथें कण एकमेकांना टेकलेहि नव्हते, आणि त्यांच्या मधला द्रव द्रवच होता. घनपणा आला तो दोषरेषांमुळें. प्रत्येक कणाभोंवतींच्या रेषा शेजारच्या कणांच्या रेषांत गुंतल्या, आणि गुंतवळाप्रमाणें एकच अखंड जाळें साऱ्या भांड्यांत पसरलें. वाहावयाचें म्हणजे तें जाळें ताणावें लागे, आणि ताणण्यास तें विरोध करी.

व्यवहारांतहि हे कण अगदींच अनोळखी नाहींत. १९७३ सालीं इंग्लंडमधील हल येथील जॉर्ज ग्रे यांनीं खोलीच्या उष्णतामानांतहि टिकाऊ राहणारे द्रवस्फटिक प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर घड्याळें, गणकयंत्रें, दूरचित्रवाणीचे सपाट पडदे यांत द्रवस्फटिकांचा सर्रास वापर सुरू झाला. अशा पडद्यांत कांचेच्या दोन तावदानांमध्यें द्रवस्फटिकाचा अत्यंत पातळ थर असतो, आणि ती फट सर्वत्र सारखी राहावी म्हणून त्यांत कांचेचे किंवा प्लॅस्टिकचे सूक्ष्म गोळे पेरण्याची रीत पडली. त्या प्रत्येक गोळ्याभोंवतीं रेणूंची दिशा बिघडते व थोडा प्रकाश नको तेथें झिरपतो. म्हणून पुढें पुष्कळ कारखान्यांनीं गोळ्यांऐवजीं तावदानावरच ठराविक जागीं बारीक खुंट उभारण्यास सुरुवात केली. प्रयोगशाळेंत ज्या भोंवऱ्याचें कौतुक होतें, तोच कारखान्यांत डोकेदुखी ठरतो.

या सर्व इतिहासाकडे मागें वळून पाहिलें म्हणजे टामान यांच्या आक्षेपाचें स्वरूप अधिक स्पष्ट होतें. ढगाळपणा तरंगत्या कणांचा आहे हें त्यांचें म्हणणें चुकीचें होतें. रेणूंची दिशा जागोजाग थरथरत व बदलत असल्यामुळें प्रकाश विखुरतो आणि द्रव गढूळ दिसतो, हें आज सर्वमान्य आहे. परंतु पदार्थ शुद्ध असल्याचा पुरावा आणा, ही त्यांची मागणी रास्त होती. ती झाली म्हणूनच मापनें काटेकोर झालीं आणि नव्या अवस्थेचा पाया पक्का बसला. त्या काळीं शुद्ध पदार्थ आणि तरंगते कण हे दोन परस्परविरोधी पर्याय होते. एक खरा तर दुसरा खोटा. पाऊण शतकानंतर शास्त्रज्ञांनीं दोन्ही एकत्र आणले, तेव्हां कणांमुळेंच द्रवाची लपलेली रचना उघड झाली. पाण्यांतील कण एवढेंच सांगतो कीं पाणी दाट झालें. द्रवस्फटिकांतील कण मात्र भोंवतालच्या द्रवाला दिशा आहे, ती बिघडली तर तो विरोध करतो, आणि तो विरोध गांठीगांठींनीं जोडला गेला तर वाहणारा पदार्थ उभा राहूं शकतो, इतकें सारें सांगून जातो. रायनिट्झर यांनीं ज्या ढगाळ द्रवाविषयीं शंका विचारली, त्या शंकेचें उत्तर देतां देतां घन आणि द्रव यांच्यामधील सीमारेषा पुसट झाली आहे, आणि ती नेमकी कोठें ओढावी याचा विचार अद्याप चालूच आहे.